साहेब, एक वाईट बातमी आहे: पहिल्यांदा तुकडी हाती घेणाऱ्यांसाठी

एखादा नवा अधिकारी कसा आहे असं मला कुणी विचारलं, तर मी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या हवालदाराला गाठतो आणि विचारतो, "तुकडीत शेवटचं काय बिघडलं होतं? साहेबांना ते कधी कळलं?" "त्याच संध्याकाळी" असं उत्तर आलं तर पोरगा तयार होतोय असं समजावं. "अजून सांगितलं नाही, आमच्यात मिटवतोय" असं आलं, तर त्याचं नकाशावाचन कितीही पक्कं असो, तो डोळ्यांवर पट्टी बांधून तुकडी चालवतोय.

पायदळात हयात गेली, शेवटची वर्षं तरुण अधिकाऱ्यांना शिकवण्यात. भावनिक बुद्धिमत्तेवरची, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखून वागण्याच्या हातोटीवरची, व्याख्यानं मी पुष्कळ ऐकली आणि त्यातल्या निम्म्यांत डुलक्या काढल्या. माझ्या लेखी तिचं सैन्यातलं मोजमाप एकच: वाईट बातमी तुमच्यापर्यंत किती लवकर पोहोचते, आणि वाटेत किती धुतली जाते. बॅटरी उतरली, गस्तीचा रस्ता चुकला, एकाचं घरी बिनसलंय, दुसऱ्याला झोप लागत नाही. यातलं काहीही लपून राहिलं की पुढे कुणाच्या तरी जिवावर बेततं. आणि जवान लपवतो तो बहुतेक वेळा तुमच्या तोंडाला घाबरून.

ही काही आजकालची फॅशन नव्हे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर यांनी १९९० मध्ये या कल्पनेची शास्त्रीय मांडणी केली, १९९५ नंतर डॅनियल गोलमन यांनी ती घराघरात नेली हे खरं. पण क्लाउझेवित्स हा प्रशियाचा सेनानी त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये छापल्या गेलेल्या लिखाणात हेच सांगून गेला होता: कणखर माणूस म्हणजे ज्याला भावनाच होत नाहीत असा नव्हे, तर भावना उसळल्या तरी ज्याचा तोल जात नाही तो. वादळात जहाज हेलकावे खात असतानाही होकायंत्राची सुई दिशा दाखवत राहते, हा दाखला त्याचाच. व्याख्या इथेच सोडतो. आता कामाचं.

चार्ज घेतल्यावर

पहिले काही दिवस काहीही बदलू नका. पहाऱ्याची वाटणी, सामानाची जागा, कोण कुणाबरोबर गस्तीला जातं, जसं आहे तसं चालू द्या. त्यामागे कारणं असतात आणि ती कागदावर नसतात. दोघांना वेगळ्या सेक्शनमध्ये (तुकडीतल्या छोट्या गटात) का ठेवलंय हे कळायच्या आत त्यांना एकत्र आणलंत, तर दोष तुमचा.

प्रत्येकाला भेटा, पण टेबलापलीकडे उभं करून नको. तिथे माणूस सावधानमध्ये उभा राहतो आणि त्याचं तोंडही सावधानमध्ये जातं. शस्त्र साफ करताना, चालताना, खंदक खणताना भेटा. हात कामात असले की जीभ सुटते. "काही अडचण?" हा प्रश्न शब्दकोशातून काढून टाका, कारण त्याचं उत्तर जगातल्या सगळ्या फौजांमध्ये "नाही साहेब" असंच येतं. ज्याचं ठोस उत्तर द्यावं लागेल असं विचारा: शेवटची रजा कधी मिळाली? बूट कुठे चावतो? घरी शेवटचं बोलणं कधी झालं? या तुकडीत रात्री तुझ्या मागे कोण चाललेलं तुला बरं वाटतं? शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचारला की तुकडीचा खरा नकाशा हाती येतो. ज्याचं नाव कुणीच घेत नाही, त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो वाईट असेलच असं नाही. बहुतेक वेळा एकटा असतो.

एक मला आठवतो. अबोल, नेम चांगला, कधी तक्रार नाही. शस्त्र साफ करायची वेळ होती. त्याने रायफलचा बोल्ट पुसला, बाजूला ठेवला, परत उचलला, परत पुसायला लागला. फडक्याला तेल नव्हतं. कोरड्या फडक्याने तो तोच भाग तिसऱ्यांदा घासत होता आणि नजर भलतीकडेच. मी माझी रायफल घेऊन शेजारी बसलो.

"रजेचा अर्ज टाकलास का रे?"

"नाही साहेब."

"का?"

"माणसं कमी आहेत, हवालदारसाहेब म्हणाले."

मी पुढे काही बोललो नाही. तेलाची बाटली त्याच्याकडे सरकवली. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बहिणीचं ऑपरेशन आहे, साहेब. पुढच्या आठवड्यात."

हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. हवालदाराचंही चूक नव्हतं, माणसं खरोखरच कमी होती. अशा वेळी जागच्या जागी "जा, दिली रजा" म्हणायचा मोह होतो. तो टाळा. तुम्ही दिलदार ठरता आणि हवालदार खलनायक. मग पुढची प्रत्येक अडचण त्याला वळसा घालून तुमच्याकडे येते आणि त्याला तुकडीतलं काही कळेनासं होतं. मी एवढंच म्हणालो, "बघतो." मग हवालदाराला विचारलं, "याच्या जागी कोण मोकळा होऊ शकेल?" ऑपरेशनचं त्याला तेव्हाच कळलं. माणूस त्यानेच शोधला आणि रजेची बातमीही त्यानेच जाऊन दिली. तसंच व्हायला हवं.

रात्रीच्या पहाऱ्यावर जात जा, विशेषतः दोन ते चारच्या मध्ये. शरीराची लय त्या वेळी सगळ्यात खाली असते, माणूस बचाव विसरतो. पासवर्ड द्या, नियमाची तपासणी उरका आणि मग थोडा वेळ नुसते उभे राहा. बोलायचं ते त्याला बोलू दे. परतल्यावर मात्र तिथे ऐकलेल्या गोष्टीचा दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर उल्लेख करू नका, कौतुकानेसुद्धा नाही. एकदा केलात की सगळ्या पोस्टवर तोंडं बंद.

एक छोटी वही ठेवा. नाव, घरी कोण, काय येतं, कशाने चिडतो, कशाने खुलतो. आजार, कर्ज, नवरा-बायकोचं भांडण असलं काही तिच्यात लिहायचं नाही. ते डोक्यात ठेवा. वह्या हरवतात.

तुमचं तोंड

तुकडी तुमचा चेहरा दिवसभर वाचत असते. तुम्ही सीओंच्या, म्हणजे कमांडिंग ऑफिसरच्या, बैठकीतून बाहेर पडता तेव्हा दहा जण काही ना काही कामाचं निमित्त काढून तिथेच घुटमळत असतात. कपाळावर आठी दिसली की संध्याकाळपर्यंत तिची चार वेगवेगळी कारणं तयार होतात, त्यातलं एकही खरं नसतं. म्हणून बाहेर पडताना सांगण्यासारखं असेल ते दोन वाक्यांत सांगून टाका. नसेल तर "उद्या सांगतो" म्हणा, आणि उद्या सांगाच.

रेडिओवर तर आवाज हाच चेहरा. सेटचं बटण दाबण्याआधी श्वास पूर्ण बाहेर सोडा. घ्यायचा नाही, सोडायचा. पहिला शब्द मुद्दाम सावकाश. सरावात आपलं रेडिओवरचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. आपण किती वरच्या पट्टीत जातो हे कळल्यावर बहुतेकांना धक्का बसतो. कंपनी कमांडरची पट्टी चढली की तीन मिनिटांत सगळ्या सेक्शन कमांडरांची चढते. मग कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही.

चिडचिडीचं सगळ्यात मोठं कारण स्वभाव नसतं, झोप असते. सलग १७ तास जागा असलेला माणूस प्रतिक्रियेच्या चाचण्यांमध्ये रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा वागतो. २४ तासांनंतर सुमारे ०.१० टक्क्यांसारखा. दारू पिऊन कुणी नकाशा हातात घेतला तर तुम्ही त्याला शिक्षेसाठी पेशीला उभा कराल, आणि स्वतः तीस तास जागून हल्ल्याचे हुकूम द्याल! यावरचा माझा उपाय साधा आहे. हवालदाराला एक ठरलेलं वाक्य देऊन ठेवा: "साहेब, नकाशा माझ्याकडे द्या." ते ऐकलं की वाद न घालता नकाशा द्यायचा आणि दोन तास पडायचं. हे वाक्य त्याने पहिल्यांदा वापरलं की त्याला नीट वागणूक द्या. दुसऱ्यांदा वापरायचं की नाही हे तो त्यावरच ठरवतो.

रागाच्या भरात लिहिलेलं पाठवू नका. अमेरिकी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईनंतर जनरल मीड यांनी शत्रूपक्षाच्या जनरल लीची फौज निसटू दिली म्हणून राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन भडकले होते. १४ जुलै १८६३ रोजी त्यांनी मीडना झणझणीत पत्र लिहिलं, आणि ते पाठवलंच नाही. सहीसुद्धा केली नाही. आज आपल्याला पाकीटही लागत नाही, अंगठा पुरतो. म्हणून रात्री दहानंतर कुणालाही झापणारा मेसेज पाठवायचा नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या.

बातमी आली, आता काय?

समजा, रात्रीच्या गस्तीत एका जवानाकडून रेडिओच्या सांकेतिक शब्दांचा कागद हरवला. त्याने दहा मिनिटांत सांगितलं, तर सगळ्या जाळ्यावरचे संकेत बदलता येतात. घाबरून सकाळपर्यंत गप्प राहिला, तर सगळी बटालियन रात्रभर फुटलेल्या संकेतांवर बोलत राहते. त्या दहा मिनिटांचा आणि सकाळचा फरक तुम्ही गेल्या महिन्यात एखाद्या फुटलेल्या दुर्बिणीवरून कसे ओरडलात त्यावर ठरलेला असतो.

म्हणून बातमी ऐकल्यावर तुमचं पहिलं वाक्य आधीपासून पाठ हवं. माझं होतं, "लगेच सांगितलंस, बरं केलंस." मनात काहीही असो, तोंडातून हेच. दुसरा प्रश्न, आत्ता काय धोक्यात आहे? तिसरा, तुला काय हवंय? "कुणी केलं?" हा प्रश्न काम आटोक्यात आल्यावर. तुम्ही तो पहिला विचारलात की समोरचा माहिती द्यायची थांबवतो आणि बचाव मांडायला लागतो.

याचा अर्थ कागद हरवणाऱ्याला सोडून द्यायचं असा नाही. निष्काळजीपणाची जी शिक्षा नियमात असेल ती होईल. पण त्याने स्वतःहून आणि लगेच सांगितलं हे तुमच्या अहवालात ठळक लिहिलेलं असलं पाहिजे आणि ते तुकडीलाही कळलं पाहिजे. चूक करणारा आणि चूक लपवणारा यांना एकाच फटक्यात झोडपलंत, तर पुढच्या वेळी सगळेच लपवतील. हिशेब सोपा आहे, जवानाला तो तुमच्यापेक्षा लवकर कळतो.

वरून येणारा दोष अंगावर घेणं हाही याचाच भाग. दुसऱ्या महायुद्धातल्या नॉर्मंडीच्या चढाईच्या आदल्या दिवशी, ५ जून १९४४ ला, दोस्त राष्ट्रांचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी चढाई फसली तर द्यायचं निवेदन हाताने लिहून खिशात ठेवलं होतं. सैन्याने शौर्याची शर्थ केली, काही दोष असेल तर तो फक्त माझा, असा त्याचा आशय. मसुद्यात सैन्य मागे घेण्यात आलं अशा धर्तीचं वाक्य होतं, ते खोडून त्यांनी मी सैन्य मागे घेतलं असं केलं. गडबडीत तारीखही चुकली, जूनच्या जागी जुलै पडला. मनावर किती ओझं असेल याचा अंदाज त्यावरून यावा. पण वाक्यातला कर्ता मात्र त्यांनी शुद्धीवर राहून बदलला. तुमचे अहवाल काढून बघा: विजय "मी" ने सुरू होतात आणि गडबडी "झाल्या" ने संपतात का?

रागवायचं कसं

रागवायला लागतंच. जो कधीच रागवत नाही त्याच्या तुकडीत रायफली गंजतात.

कसं रागवू नये याचा धडा अमेरिकी जनरल पॅटननी घालून दिला. ३ ऑगस्ट १९४३, सिसिलीतलं लष्करी रुग्णालय. अंगावर जखम नसलेला, "सहन होत नाही" म्हणणारा एक जवान त्यांना दिसला. त्यांनी त्याला थोबाडीत मारली आणि तंबूबाहेर हाकललं. नंतर तपासणीत त्या पोराला मलेरिया आणि जुनाट आमांश असल्याचं निघालं. आठवड्याभरात, १० ऑगस्टला, दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा तेच. आयझेनहॉवरनी त्यांना माफी मागायला लावली. पॅटनसारखा लढवय्या त्यानंतर जवळजवळ अकरा महिने प्रत्यक्ष लढाईतल्या हुद्द्याशिवाय बसून होता. पॅटनना भित्र्यांची चीड होती, ती मी समजू शकतो. पण समोरच्याला काय झालंय हे न विचारताच त्यांनी निदान करून टाकलं होतं.

तर, आधी विचारा. मग त्याच दिवशी, शक्यतो एकट्याला, त्याने काय केलं तेवढ्यावर बोला. "तू असाच आहेस" हे वाक्य आलं की तुम्ही हरलात. "पहाऱ्यावर तुझं हेल्मेट जमिनीवर होतं" हे पुरेसं आहे. आवाज चढवायचा असेल तर तो जीव धोक्यात असताना राखून ठेवा, म्हणजे ऐकणारा दचकून आडवा होईल. आणि रागावून झालं की संपवा. संध्याकाळी त्याच्याशी दुसऱ्या कुठल्या तरी कामाचं बोला. जुनं प्रकरण प्रत्येक नव्या चुकीला जोडणारा अधिकारी मला तरी सहन होत नाही.

काळजी आणि कडकपणा यांचं भांडण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बर्मा आघाडीवरच्या जनरल स्लिम यांचं उदाहरण घ्यावं. १९४३ मध्ये त्यांच्याकडे जखमी होऊन मागे जाणाऱ्या एका माणसामागे आजारी पडून जाणारे १२० होते. मलेरियावरच्या मेपाक्रिन गोळ्या पोचत होत्या, जवान त्या गिळत नव्हते. स्लिमनी अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या. ज्या युनिटमध्ये ९५ टक्क्यांपेक्षा कमी जणांच्या रक्तात औषध सापडेल तिथला कमांडिंग ऑफिसर घरी. तिघांना काढावं लागलं, बाकीचे समजले. स्लिम त्यांच्या जवानांना जीव की प्राण होते, आणि शिक्षा त्यांनी जवानाला केली नाही, त्याच्या साहेबाला केली. हे दोन्ही एकत्र लक्षात ठेवा.

भीती आणि थकवा

मोहिमेआधी एकदा, एकदाच, स्वतःच्या भीतीबद्दल बोला. "माझ्याही पोटात गोळा येतोय. पहिली पाच मिनिटं येतो. तेव्हा सेक्शन कमांडरकडे बघा आणि तो सांगेल तेवढंच करा." भीतीला नाव दिलं आणि त्यासोबत हाताला काम दिलं. नुसतं नाव दिलंत तर ती पसरते.

थकलेला माणूस कसा ओळखायचा? बडबड्या गप्प होतो, गप्प असणारा बडबडायला लागतो. दाढी, पायांची निगा, शस्त्राची निगा यात ढिलाई. हसण्यात खोट. साध्या हुकुमाला "काय?" असं परत विचारणं. विनाकारण धाडसही यातच येतं; जो अचानक प्रत्येक धोक्याच्या कामाला हात वर करतो त्याचं कौतुक करण्याआधी जरा बाजूला घेऊन बसा.

पहिल्या महायुद्धात खंदकांत डॉक्टर असलेले लॉर्ड मोरान यांनी म्हटलं होतं की धैर्य हे भांडवल आहे, खर्च होत जातं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी लष्करी मानसोपचारतज्ज्ञांनी अंदाज काढला की पायदळातला माणूस लढाईच्या साधारण २०० ते २४० दिवसांनंतर निकामी होतो. ब्रिटिशांचा अंदाज ४०० च्या आसपास होता, कारण ते आपल्या तुकड्या थोड्या थोड्या दिवसांनी मागे घेऊन विश्रांती देत. म्हणजे पाळी लावून दिलेली विश्रांती हा लाड नव्हे. ती लढायची ताकद आहे.

कुणी खचलाच तर १९१७ पासून चालत आलेली पद्धत अजून उपयोगी पडते: आघाडीच्या जवळच, लगेच, आणि "तू परत येणार आहेस" या अपेक्षेने उपचार. झोप, गरम काहीतरी पोटात, कोरडे कपडे, मग हलकं काम. त्याला तुकडीपासून तोडून लांब पाठवलं की त्याच्या मनात "मी पळालो" हे घर करतं. डॉक्टर सांगतील तेव्हा मात्र पाठवायचंच, तिथे शहाणपणा नको.

आणि कुणी जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, सामान वाटून टाकायला लागला, तर आडून आडून विचारू नका. "जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात भरतं हा गैरसमज आहे. उत्तर काहीही येवो, त्याला एकटं सोडायचं नाही, शस्त्र आणि दारूगोळा त्याच्यापासून दूर, आणि त्याच तासात डॉक्टरकडे, तुम्ही स्वतः बरोबर जाऊन.

सगळी तुकडीच थकते तेव्हा काय करावं हे १९१७ च्या फ्रेंच सैन्याकडून शिकावं. एप्रिलमधली सरसेनापती नीव्हेल यांची चढाई फसली आणि निम्म्याच्या आसपास डिव्हिजनांमध्ये जवानांनी पुढे जायला नकार दिला. मेमध्ये त्यांच्या जागी पेतँ आले. (१९४० नंतर जर्मनांशी हातमिळवणी करून त्यांनी जे केलं त्याचं समर्थन मी करणार नाही, पण इथला धडा धडाच आहे.) त्यांनी शिक्षा केल्या, पाचशेवर मृत्युदंड सुनावले गेले, त्यातले अंमलात आले सुमारे पन्नास. त्यापेक्षा मोठं काम दुसरं होतं. ते एकामागून एक डिव्हिजनला स्वतः गेले, ऐकून घेतलं. दर चार महिन्यांनी सात दिवस रजा पक्की केली. जेवण आणि विश्रांतीच्या जागा सुधारल्या. आणि निरर्थक मोठ्या चढाया थांबवल्या. हे शेवटचं केलं नसतं तर बाकीच्याला जवानांनी विचारलंही नसतं.

माणूस गेल्यानंतर

इथे घाई करू नका आणि गप्पही बसू नका.

पहिल्या तासात तुकडीला तुमच्याच तोंडून कळलं पाहिजे, कुणाच्या फोनवरून नाही. "गेला", "मारला गेला" असे स्पष्ट शब्द वापरा. कसा गेला ते माहीत असेल तेवढंच सांगा. घरच्यांना अधिकृत निरोप पोहोचेपर्यंत कुणीही बाहेर फोन करायचा नाही हेही त्याच वेळी सांगा आणि का ते समजावून सांगा. त्याच्या जोडीदाराला, म्हणजे जो नेहमी त्याच्या शेजारी असायचा त्याला, सगळ्यांच्या आधी बाजूला घेऊन सांगा. त्या रात्री त्याला एकट्याचा पहारा देऊ नका. गेलेल्याचं सामान आवरायचं काम मात्र त्याने मागितलं तर त्यालाच द्या, सोबत एक जण देऊन.

दुःख दुसऱ्या दिवशी रागात बदलतं. ही वेळ कमांडरच्या आयुष्यातली सगळ्यात धोक्याची. व्हिएतनाममधल्या अमेरिकेच्या चार्ली कंपनीने काही आठवड्यांत सुरुंग आणि सापळ्यांत माणसं गमावली होती. १४ मार्च १९६८ ला तिचा एक सार्जंट सापळ्यात मारला गेला. १५ ला त्याला श्रद्धांजली वाहिली आणि त्याला लागूनच दुसऱ्या दिवशीच्या कारवाईचं ब्रीफिंग झालं. १६ ला माय लाई गावातलं हत्याकांड. अमेरिकी लष्कराच्या मोजणीने ३४७ आणि व्हिएतनामच्या मोजणीने ५०४ निःशस्त्र गावकरी, त्यात बायका, मुलं, म्हातारी. हेलिकॉप्टरचे वैमानिक ह्यू थॉम्पसन यांनी आपलं यान गावकरी आणि जवान यांच्या मध्ये उतरवलं आणि जवानांनी गोळी चालवली तर त्यांच्यावर चालवा असं आपल्या गनरना सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी वरिष्ठांना कळवलं. ती वाईट बातमी वर दाबली गेली. जगाला कळायला नोव्हेंबर १९६९ उजाडला.

तेव्हा श्रद्धांजली आणि कारवाईचे हुकूम एका दमात कधीही देऊ नका. मध्ये झोप जाऊ द्या. शक्य असेल तर त्या भागात दुसरी तुकडी पाठवायची मागणी करा; "माझी पोरं आत्ता या गावात नकोत" असं सीओंना सांगायला लाज वाटू देऊ नका. नाइलाजाने जावंच लागलं तर कुणावर गोळी चालवायची आणि कुणावर नाही, हे नेहमीपेक्षा जास्त स्पष्ट शब्दांत, प्रत्येक सेक्शनसमोर, तुम्ही स्वतः सांगा. "त्याचा बदला" हे शब्द तुमच्या तोंडी आले तर पुढे होईल त्याला तुम्ही जबाबदार. सगळ्यात शांत दिसणाऱ्या दोघांना जवळ ठेवा.

घरच्यांना पत्र हाताने लिहा. छापील मजकुरात नाव भरून पाठवू नका. तो कसा हसायचा, कुणाला पोहायला शिकवत होता, अशी एक तरी खरी गोष्ट घाला जी फक्त त्याच्याबरोबर राहिलेल्यालाच ठाऊक असेल. खोटं लिहू नका. वेदना झाल्या नाहीत असं माहीत नसेल तर लिहू नका. ते कधीतरी त्याच्या मित्रांना भेटतातच.

झाल्यावर बसणं

प्रत्येक सरावानंतर आणि कारवाईनंतर बसायची पद्धत अमेरिकी लष्कराने सत्तरच्या दशकात बसवली, आता अनेक फौजा वापरतात. काय ठरलं होतं, काय झालं, का झालं, पुढच्या वेळी काय करू. प्रश्न सगळ्यांना पाठ असतात, तरी बैठका मेलेल्या असतात, कारण साहेब आधी बोलतो. सगळ्यात ज्युनियरपासून सुरुवात करा. तुमच्या हुकुमातली एखादी त्रुटी कुणी दाखवली तर ती लिहून घ्या, स्पष्टीकरण देत बसू नका. कुणीच दाखवली नाही तर बैठक चांगली झाली असं समजू नका. हवालदाराला नंतर विचारा, बाहेर गेल्यावर काय बोलत होते ते.

एक धोका सांगून ठेवतो. हे सगळं तंत्र म्हणून वापरणारे अधिकारीही मी पाहिलेत. पोरांची नावं पाठ, मुलांचे वाढदिवस पाठ, आणि बढतीचा अहवाल आला की ओळख नाही. जवानाला हे फार तर दोन महिने कळत नाही. नंतर त्या अधिकाऱ्याला जी बातमी हवी तीच मिळत राहते, गोड आणि बिनकामाची. त्यापेक्षा तुसडा पण सरळ अधिकारी परवडला.

चार्ज देताना

वही जाळून टाका. येणाऱ्याला तुमची मतं देऊ नका. "हा कामचुकार, तो हिरा" हे त्याचं त्याला ठरवू दे, कारण तुमच्याबरोबर बिघडलेला माणूस त्याच्याबरोबर सुधारू शकतो. तोंडी एवढंच सांगा: कुणाच्या घरी सध्या अडचण चालू आहे, कुणाला दिलेला रजेचा शब्द अजून पाळायचा राहिलाय, आणि अलीकडे कोण गेलं व त्याचा जोडीदार कोण होता. मग हवालदाराला आत बोलवा आणि त्याच्यासमोर नव्या साहेबाला ते ठरलेलं वाक्य सांगा, नकाशाचं. तुमच्यासमोर ठरलं तर तो वापरेल.